पाच पुन्हा का येत नाही?

सकाळी ८.४५

लॅब उघडली. दुसऱ्या वर्षाच्या कॉम्प्युटरच्या मुलांचं डेटा स्ट्रक्चर्सचं प्रॅक्टिकल. आजची असाइनमेंट सर्क्युलर लिंक्ड लिस्ट, सी प्लस प्लसमध्ये, क्लास करून. फळ्यावर तीन चित्रं काढून ठेवते : रिकामी यादी, एकाच नोडची यादी, चार नोडची यादी. प्रत्येक फंक्शन तिन्हींवर चालवून दाखवायचं, ही माझी अट. मुलं चित्रं वहीत उतरवतात आणि कोड फक्त तिसऱ्यासाठी लिहितात.

साध्या यादीत शेवटच्या नोडचा नेक्स्ट नल असतो. वर्तुळाकार यादीत तो पुन्हा पहिल्या नोडकडे, म्हणजे हेडकडे जातो. फरक एवढाच, पण त्याने दिवसभराचं काम मिळतं. नल रेफरन्स १९६५ साली टोनी होअर यांनी अल्गोल डब्ल्यूसाठी आणला आणि २००९ साली स्वतःच त्याला अब्ज डॉलरची चूक म्हटलं. या प्रॅक्टिकलला मला मात्र नलची फार आठवण येते. नलवर पाय पडला की प्रोग्रॅम तिथल्या तिथे आपटतो आणि मुलाला कळतं. वर्तुळात काही चुकलं तर प्रोग्रॅम आनंदाने चालूच राहतो.

९.१५

पहिला अडथळा डिस्प्ले फंक्शनचा, आणि तो दर वर्षी त्याच क्रमाने येतो. आधी कोणीतरी ‘नल येईपर्यंत’ असा व्हाइल लूप लिहितो; स्क्रीनवर आकड्यांचा पूर येतो. मग ‘हेड येईपर्यंत’ अशी सुधारणा होते आणि काहीच छापलं जात नाही, कारण सुरुवातच हेडपासून आहे, अट पहिल्याच फटक्यात खोटी ठरते. तिसऱ्या वेळी डू-व्हाइल सुचतं. चार आकडे नीट छापून येतात, मागच्या बाकावर टाळी पडते. मी म्हणते, “आता रिकामी यादी दाखव.” सेगमेंटेशन फॉल्ट.

९.४०

“मॅडम, इन्सर्ट बरोबर आहे, पण थांबतच नाही.”

स्क्रीनवर ५, १०, २०, ३०, १०, २०, ३०, १०, २०, ३०... कंट्रोल-सी दाबून थांबवलं. मुलगा जीडीबी हा डीबगर सुरू करायला निघाला होता, ब्रेकपॉइंट लावणार डिस्प्लेमध्ये. मी कीबोर्डवरचा त्याचा हात थांबवला. आधी आउटपुट वाच. कोण परत येतंय? १०, २०, ३०. कोण येत नाही? पाच. पाच छापला एकदाच, म्हणजे त्याच्यापासून वाट बाहेर जाते, पण त्याच्याकडे परत कोणीच येत नाही. मग तीसचा नेक्स्ट कुठे बघतोय?

तो वहीत चौकोन काढू लागला. नवा नोड बनवला, त्याचा नेक्स्ट जुन्या हेडला जोडला, हेड नव्या नोडवर आणला. शेवटच्या नोडला कोणी सांगितलंच नाही की पहिला बदलला. तो अजून दहालाच पहिला समजतोय. डिस्प्ले हेडची वाट बघत फिरतो आणि हेड वर्तुळाच्या बाहेर शेपटीवर बसलेला. दोष इन्सर्टमध्ये, गोंधळ दिसतो डिस्प्लेमध्ये. अशा वेळी डिस्प्लेत आणखी एक अट घालून ‘दुरुस्त’ करणारी मुलं मी बघितली आहेत. वीस आकडे झाले की थांब, अशी अटसुद्धा.

त्याला विचारलं, हेड ठेवायचाच कशाला? क्लासमध्ये फक्त टेल, म्हणजे शेवटच्या नोडचा पॉइंटर, ठेव. टेलचा नेक्स्ट म्हणजेच हेड. पुढे घालायचं असो की मागे, दोन्हीकडे यादीभर चालत जायची गरज नाही, आणि दोन पॉइंटरमध्ये विसंवाद व्हायला दुसरा पॉइंटरच उरत नाही. हे पटायला त्याला वेळ लागला. ‘पहिला’ लक्षात न ठेवता पहिला कसा सापडेल, हे मनाला सहज झेपत नाही.

११.०५

स्टाफरूममध्ये चहा. एक सहकारी दर वर्षीप्रमाणे म्हणाले, तयार लायब्ररी असताना हे हाताने कशाला लिहायला लावता? लायब्ररी उघडून बघा ना, म्हटलं. जीसीसी कंपायलरबरोबर येणारी तयार लिस्ट आतून वर्तुळच आहे, एक पहारेकरी नोड मधे ठेवून. लिनक्स कर्नलची यादीही वर्तुळाकार. जावाची लिंक्डलिस्ट आवृत्ती सहापर्यंत तशीच होती, सातमध्ये त्यांनी वर्तुळ काढून टाकलं. सहकाऱ्यांनी दुसरा चहा मागवला.

११.३०

दुसरी बॅच, आणि आजचा सगळ्यात सुंदर बग.

एका मुलीने डिस्प्ले क्लासबाहेर लिहिलं होतं, यादी पॅरामीटर म्हणून घेणारं. पहिल्यांदा यादी नीट छापली गेली. दुसऱ्यांदा तेच फंक्शन बोलावलं तर भलतेच आकडे, आणि शेवटी ‘डबल फ्री’ म्हणून प्रोग्रॅम कोसळला. “मी तर फक्त दाखवतेय, मॅडम, बदलत काहीच नाही.” तिचं म्हणणं खरंच होतं. एक ओळसुद्धा बदल करणारी नव्हती.

ॲड्रेस सॅनिटायझर लावून पुन्हा कंपाइल केलं. त्याचा अहवाल तीन गोष्टी सांगतो : मेमरी कुठे वापरली, ती आधी कुठे मोकळी झाली, मुळात कुठे घेतली होती. मुलं पहिलीच वाचतात. आम्ही मधली वाचली. मोकळी केली डिस्ट्रक्टरने, आणि तो डिस्ट्रक्टर चालला होता दाखवायचं काम संपताना.

फंक्शनला यादी व्हॅल्यूने दिली होती, म्हणून तिची प्रत झाली. कॉपी कन्स्ट्रक्टर आपण लिहिला नाही तर कंपायलर लिहितो, आणि त्याने उचलला फक्त टेल पॉइंटर. नोड तेच. एका वर्तुळाचे दोन मालक. फंक्शन संपलं, प्रत गेली, जाताना सगळे नोड मोडून गेली. मेनमधल्या यादीकडे उरला नुसता पत्ता. रूल ऑफ थ्री मुलांना ओरलसाठी पाठ असतो : डिस्ट्रक्टर लिहिलात तर कॉपी कन्स्ट्रक्टर आणि असाइनमेंटही लिहा. तो पाठ होता तिलाही. आज तिने कॉपी कन्स्ट्रक्टर लिहिला, नोड नोड चालत जाऊन, आणि पॅरामीटर कॉन्स्ट रेफरन्स केला. रूल ऑफ थ्री मी तिला नंतर विचारला नाही.

दुपारी २.००

जोसेफस. राज्य कोणावर हे ठरवायला मुलं गोल उभी राहून मोजतात आणि एकेक सुटत जातो, तसाच हा प्रश्न. इ.स. ६७ मध्ये योडफात हे शहर पडल्यावर ज्यू इतिहासकार जोसेफस चाळीस जणांसह रोमन सैन्यापासून लपला होता. त्याच्या स्वतःच्या लिखाणात मरणाचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवल्याचं आहे. दर तिसरा माणूस मोजणं ही नंतरची भर. पण असाइनमेंटला ती भर सोन्यासारखी, कारण उत्तर ठरलेलं आहे : ४१ जण, दर तिसरा बाद, उरतो ३१वा.

मी आधी सात जणांवर चालवायला लावते. ३, ६, २, ७, ५, १ असे बाद होतात, चौथा राहतो. निम्म्या वर्गाचं उत्तर दुसरा आलं. नोड काढल्यावर पॉइंटर पुढच्या माणसावर आलेलाच असतो, त्याला धरून मोजलं तर दोनच पावलं टाकायची. मुलं तीन टाकतात. म्हणजे दर चौथा बाद, आणि चारने मोजलं तर उत्तर दुसराच येतं. प्रोग्रॅम बरोबर आहे, प्रश्न वेगळा सोडवलाय.

३.३०

“मॅडम, फक्त सोळा बाइट लीक आहे, चालेल ना?” मेमरी तपासणाऱ्या व्हॅलग्रिंडची पहिली ओळ वाचून. खालची ओळ वाच : इनडायरेक्टली लॉस्ट, ६४ बाइट, चार ब्लॉक. पाच नोडची यादी, डिस्ट्रक्टर नाही. वर्तुळ हरवलं की व्हॅलग्रिंड त्यातला एक नोड हरवला म्हणतो आणि बाकीचे त्याच्यापायी हरवले म्हणतो. सगळेच गेलेत.

४.४५

सगळे गेले, एक जण थांबलाय. यूट्यूबवर बघून त्याने सगळीकडे शेअर्ड पॉइंटर लावलेत, म्हणजे डिलीटची कटकटच नको. नोडच्या डिस्ट्रक्टरमध्ये छापायची ओळ घातली आहे आणि ती कधीच छापली जात नाही. प्रत्येक नोडला मागच्याने धरलंय, पहिल्याला शेवटच्याने. धरणाऱ्यांची मोजणी शून्यावर येणार कशी?

“मग मोडायचं कुठे?”

“टेलपाशी. डिस्ट्रक्टरमध्ये आधी पहिला नोड वेगळ्या पॉइंटरमध्ये धर, मग टेलचा नेक्स्ट सोड. वर्तुळ राहिलं नाही, साधी साखळी उरली. तिचे नोड लूपने एकेक करून सोडव. नुसती सोडून दिलीस तर एकाचा डिस्ट्रक्टर दुसऱ्याला बोलावेल, यादी लांबलचक असली तर स्टॅक भरेल.”

त्याने लिहिलं, दहा लाख नोडवर चालवलं. चाललं. मग जर्नल पुढे केलं सहीला. तारीख गेल्या आठवड्याची टाकून आणली होती.