रेगिओनाललीगा बढती सामने

रेगिओनाललीगा बढती सामने हे जर्मनीतील चौथ्या स्तरावरील प्रादेशिक फुटबॉल साखळ्यांच्या विजेत्या संघांमध्ये तिसऱ्या लीगामधील प्रवेशासाठी खेळवले जाणारे सामने आहेत. तिसरी लीगा ही जर्मनीतील सर्वांत खालची देशव्यापी व्यावसायिक साखळी असून तिच्याखाली उत्तर, ईशान्य, पश्चिम, नैर्ऋत्य आणि बायर्न (बव्हेरिया) अशा पाच रेगिओनाललीगा आहेत. रेगिओनाललीगा हा औपचारिकदृष्ट्या हौशी फुटबॉलचा सर्वोच्च स्तर मानला जातो. मात्र त्यातील अनेक क्लब पूर्णवेळ खेळाडू बाळगतात. पाच साखळ्यांना पाच विजेते असतात आणि वर जाण्यासाठी जागा चारच असतात. त्यामुळे दरवर्षी एका विजेत्या संघाला वर्षभर आघाडीवर राहूनही त्याच स्तरावर थांबावे लागते.

पार्श्वभूमी

जर्मन फुटबॉलची रचना प्रारंभापासून प्रादेशिक संघटनांवर आधारलेली आहे. देशपातळीवरील एकच साखळी असावी, हा निर्णय जर्मन फुटबॉल संघटनेच्या (डीएफबी) डॉर्टमुंड येथील अधिवेशनात जुलै १९६२ मध्ये झाला आणि ऑगस्ट १९६३ मध्ये सोळा संघांची बुंडेसलीगा सुरू झाली. तिच्याखाली दुसऱ्या स्तरावर उत्तर, पश्चिम, नैर्ऋत्य, दक्षिण आणि बर्लिन अशा पाच साखळ्या होत्या. त्यांनाही रेगिओनाललीगा हेच नाव होते. या पाच साखळ्यांतून दरवर्षी केवळ दोन संघांना बुंडेसलीगामध्ये प्रवेश मिळत असल्याने हंगामाच्या शेवटी गटवार बढती फेरी घेतली जाई. १९६४ मध्ये बायर्न म्युन्शेन या फेरीत अपयशी ठरला व हानोफर ९६ आणि बोरुसिया नॉइनकिर्शन यांना बढती मिळाली. पुढच्याच वर्षी बायर्न म्युन्शेन आणि बोरुसिया म्योन्शनग्लाडबाख हे दोन्ही संघ याच मार्गाने बुंडेसलीगामध्ये पोहोचले. १९७२ च्या फेरीत वुपरटालर एसव्ही या संघाने आपले आठही सामने जिंकले.

हौशी ओबरलीगांचा काळ (१९७४–१९९४)

१९७४ मध्ये दुसरी बुंडेसलीगा स्थापन झाली आणि व्यावसायिक फुटबॉलची सीमा एक स्तर खाली सरकली. बढती फेरीही त्याबरोबर खाली आली. आता ती हौशी साखळ्यांच्या विजेत्यांसाठी होती. १९७८ पासून तिसरा स्तर आठ हौशी ओबरलीगांमध्ये विभागला गेला: उत्तर, बर्लिन, वेस्टफालिया, नॉर्डऱ्हाइन, नैर्ऋत्य, हेसन, बाडन-व्युर्टेंबर्ग आणि बायर्न.

१९८१ मध्ये दुसऱ्या बुंडेसलीगाचे उत्तर व दक्षिण हे दोन विभाग एकत्र करून वीस संघांची एकच साखळी करण्यात आली. जागा निम्म्याहून कमी झाल्यामुळे त्या वर्षी एकाही हौशी संघाला बढती मिळाली नाही. त्यानंतरच्या दशकात ओबरलीगांचे संघ उत्तर आणि दक्षिण अशा दोन गटांत एकमेकांशी घरच्या व बाहेरच्या मैदानावर खेळत आणि प्रत्येक गटातील पहिले दोन संघ वर जात.

या पद्धतीत साखळीचे विजेतेपद हे बढतीचे नव्हे, तर बढती फेरीत खेळण्याचे प्रमाणपत्र ठरे. परवाना नाकारला गेल्याने १९८२ मध्ये तिसऱ्या स्तरावर आलेल्या टीएसव्ही १८६० म्युन्शेन या माजी राष्ट्रीय विजेत्या संघाने १९८४ मध्ये बायर्न ओबरलीगा जिंकली, पण बढती फेरीत तो मागे पडला. दुसऱ्या बुंडेसलीगामध्ये परतण्यासाठी त्याला १९९१ पर्यंत वाट पाहावी लागली. याउलट १९९० मध्ये उत्तर गटातून बढती मिळालेले व्हीएफबी ओल्डनबुर्ग आणि टीएसव्ही हाफेल्झे हे दोन्ही संघ एकाच, म्हणजे उत्तर ओबरलीगामधील होते. वेस्टफालिया, नॉर्डऱ्हाइन व बर्लिन येथील विजेते खालीच राहिले. हानोफरजवळील एका लहान वस्तीचा क्लब असलेल्या हाफेल्झेचे प्रशिक्षक त्या वेळी फोल्कर फिंके होते. पुढे फ्रायबुर्गचे दीर्घकालीन प्रशिक्षक म्हणून ते प्रसिद्ध झाले.

जर्मनीच्या एकीकरणानंतर १९९१ मध्ये पूर्वेकडील संघांसाठी आणखी तीन ओबरलीगा जोडल्या गेल्या आणि स्पर्धा अधिक तीव्र झाली. १९९३ मध्ये युनियन बर्लिनने बढती फेरीत यश मिळवले. परंतु परवान्यासाठी सादर केलेली बँक हमी बनावट असल्याचे आढळल्याने त्याच्याऐवजी टेनिस बोरुसिया बर्लिनला दुसऱ्या बुंडेसलीगामध्ये प्रवेश देण्यात आला.

चार, दोन आणि तीन साखळ्या (१९९४–२०१२)

१९९४ मध्ये तिसऱ्या स्तरावर चार रेगिओनाललीगा सुरू झाल्या आणि जुन्या पद्धतीची गटवार बढती फेरी बंद झाली. तरीही १९९६ पासून उत्तर आणि ईशान्य या दोन विभागांच्या विजेत्यांना बढतीसाठी एकमेकांविरुद्ध दोन सामने खेळावे लागले. १९९७ मध्ये एनर्गी कोट्बुसने हानोफर ९६ विरुद्धचा पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सोडवला आणि दुसरा ३–१ असा जिंकला. २००० मध्ये युनियन बर्लिन व व्हीएफएल ओस्नाब्र्युक यांच्यातील निर्णय पेनल्टी शूटआउटवर होऊन ओस्नाब्र्युक विजयी झाला.

२००० मध्ये रेगिओनाललीगांची संख्या दोनवर आणण्यात आली. २००८ मध्ये देशव्यापी तिसरी लीगा स्थापन झाल्यावर रेगिओनाललीगा चौथ्या स्तरावर गेल्या. त्या वेळी त्यांची संख्या तीन होती व तिन्ही विजेत्यांना थेट बढती मिळत असे. विजेते आणि जागा यांची संख्या जुळण्याचा हा काळ चारच हंगाम टिकला.

बाद पद्धतीचे सामने (२०१३–२०१८)

विस्तीर्ण विभागांमुळे वाढलेला प्रवासखर्च आणि व्यावसायिक क्लबांच्या राखीव संघांची मोठी संख्या यांबद्दल लहान क्लबांच्या तक्रारी होत्या. त्या विचारात घेऊन डीएफबीने २०१० मध्ये पाच रेगिओनाललीगा करण्याचा निर्णय घेतला व २०१२-१३ च्या हंगामापासून तो अमलात आला. तिसऱ्या लीगामधील बढतीच्या जागा मात्र तीनच राहिल्या. पाच विजेते आणि नैर्ऋत्य विभागाचा उपविजेता अशा सहा संघांच्या तीन जोड्या सोडतीने ठरवल्या जात. प्रत्येक जोडीत दोन सामने होत आणि एकूण गोलसंख्या समान असल्यास प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरील गोल निर्णायक ठरत.

अडतीस किंवा त्याहून कमी सामन्यांची साखळी जिंकणाऱ्या संघाचे भवितव्य अशा रीतीने १८० मिनिटांवर येऊन ठेपले. पद्धतीतील हा दोष २०१४ मध्ये ठळकपणे दिसला. फोर्टुना क्योल्नने बायर्न म्युन्शेनच्या राखीव संघाविरुद्धचा पहिला सामना १–० असा जिंकला होता. दुसऱ्या सामन्यात म्युन्शेनचा संघ २–० ने पुढे असताना भरपाईच्या वेळेत त्याच्या गोलरक्षकाच्या चुकीतून झालेल्या एका गोलाने बढती क्योल्नच्या पदरात पडली.

वाल्डहोफ मानहाइमला या पद्धतीचा सर्वाधिक फटका बसला. हा संघ २०१६ मध्ये स्पोर्टफ्रॉइंडे लोटेकडून, २०१७ मध्ये दोन गोलशून्य बरोबरींनंतर पेनल्टी शूटआउटवर एसव्ही मेप्पेनकडून आणि २०१८ मध्ये केएफसी उर्डिंगनकडून असा सलग तीन वर्षे पराभूत झाला. २०१८ चा मानहाइम येथील दुसरा सामना प्रेक्षकांनी मैदानावर शोभेची दारू फेकल्यामुळे अर्धवट थांबवावा लागला व तो उर्डिंगनला बहाल करण्यात आला. नैर्ऋत्य विभागाचाच एफसी झारब्र्युकन २०१५ मध्ये व्युर्त्सबुर्गर किकर्सकडून आणि २०१८ मध्ये टीएसव्ही १८६० म्युन्शेनकडून हरला.

बढती मिळवणारे संघ असे:

२०१३ – होल्स्टाइन कील, आरबी लाइपझिश, एसव्ही एल्फर्सबेर्ग
२०१४ – फोर्टुना क्योल्न, सोनेनहोफ ग्रोसआस्पाख, माइंत्स ०५ (राखीव)
२०१५ – एफसी माग्देबुर्ग, व्युर्त्सबुर्गर किकर्स, वेर्डर ब्रेमन (राखीव)
२०१६ – एफएसव्ही त्स्विकाउ, स्पोर्टफ्रॉइंडे लोटे, यान रेगेन्सबुर्ग
२०१७ – कार्ल त्साइस येना, एसव्ही मेप्पेन, उंटरहाखिंग
२०१८ – टीएसव्ही १८६० म्युन्शेन, एनर्गी कोट्बुस, केएफसी उर्डिंगन

फिरती पद्धत (२०१९ पासून)

‘विजेत्याला बढती मिळालीच पाहिजे’ ही मागणी तीव्र झाल्यावर डीएफबीच्या डिसेंबर २०१७ च्या विशेष अधिवेशनात तिसऱ्या लीगामधून तीनऐवजी चार संघांची पदावनती करण्याचे ठरले. त्यामुळे बढतीची एक जागा वाढली. २०१९ मध्ये नैर्ऋत्य, पश्चिम आणि ईशान्य विभागांच्या विजेत्यांना थेट प्रवेश मिळाला. त्यांत वाल्डहोफ मानहाइम होता. त्यानंतर पश्चिम आणि नैर्ऋत्य या विभागांना कायमची थेट जागा देण्यात आली. उत्तर, ईशान्य आणि बायर्न यांच्यापैकी एकाला आळीपाळीने थेट जागा मिळते, तर उरलेल्या दोघांचे विजेते चौथ्या जागेसाठी परस्परांशी दोन सामने खेळतात. विजेत्याने तिसऱ्या लीगाच्या परवान्यासाठी अर्ज केला नसल्यास ही संधी त्याच्या खालच्या संघाकडे जाते. राखीव संघही तिसऱ्या लीगापर्यंत जाऊ शकतात.

२०१९ – बायर्न म्युन्शेन (राखीव), पराभूत व्हीएफएल वोल्फ्सबुर्ग (राखीव)
२०२० – एससी फेर्ल, पराभूत लोकोमोटिव्ह लाइपझिश
२०२१ – टीएसव्ही हाफेल्झे, पराभूत श्वाइनफुर्ट ०५
२०२२ – व्हीएफबी ओल्डनबुर्ग, पराभूत बीएफसी डायनामो
२०२३ – उंटरहाखिंग, पराभूत एनर्गी कोट्बुस
२०२४ – हानोफर ९६ (राखीव), पराभूत व्युर्त्सबुर्गर किकर्स
२०२५ – टीएसव्ही हाफेल्झे, पराभूत लोकोमोटिव्ह लाइपझिश

२०२० मध्ये कोव्हिड-१९ साथीमुळे बायर्न वगळता इतर विभागांचे हंगाम अपुरे राहिले आणि पश्चिम विभागाला अपवाद म्हणून बढती सामना खेळावा लागला. तेथील अग्रस्थानी असलेल्या र्‍योडिंगहाउझनने परवान्यासाठी अर्ज केला नव्हता. त्याच्या जागी आलेल्या फेर्लने लोकोमोटिव्ह लाइपझिशशी २–२ आणि १–१ अशा दोन बरोबरी साधून प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरील गोलांच्या आधारे बढती मिळवली. ईशान्य विभागाचा विजेता असा अपराजित राहूनही खालीच राहिला. २०२५ मध्ये लाइपझिशने घरच्या मैदानावर १–१ अशी बरोबरी साधली, पण दुसऱ्या सामन्यात जादा वेळेत हाफेल्झे ३–० असा जिंकला.

वाद आणि सुधारणेचे प्रस्ताव

पद्धतीवरील मुख्य आक्षेप असमानतेचा आहे. पश्चिम व नैर्ऋत्य विभागांच्या विजेत्यांना दरवर्षी थेट बढती मिळते, तर इतर तीन विभागांत बढतीची शाश्वती तीन वर्षांतून एकदाच असते. खेळाडूंशी करार करताना आणि पुढील हंगामाचे अंदाजपत्रक आखताना या क्लबांना आपण कोणत्या स्तरावर खेळणार आहोत हे जूनपर्यंत ठाऊक नसते. थेट विभागांची बाजू मांडणारे तेथील क्लबांच्या व खेळाडूंच्या मोठ्या संख्येकडे बोट दाखवतात.

प्रश्न सोडवण्याचे दोनच मार्ग आहेत आणि दोन्हींना विरोध आहे. बढतीच्या जागा पाच केल्यास वीस संघांच्या तिसऱ्या लीगामधून दरवर्षी एक-चतुर्थांश संघ खाली जातील, जे तेथील क्लबांना मान्य नाही. रेगिओनाललीगा पाचऐवजी चार केल्यास एखाद्या विभागाची फेरवाटणी करावी लागेल. पूर्वीच्या पूर्व जर्मनीचा प्रदेश आणि संपूर्ण बर्लिन सामावणाऱ्या ईशान्य विभागाला तसेच स्वतंत्र साखळी चालवणाऱ्या बायर्नला आपले अस्तित्व गमावायचे नाही. २०२५ मध्ये ईशान्य विभागातील क्लबांनी सुधारणेसाठी संयुक्त मोहीम सुरू केली व इतर विभागांतील अनेक क्लबांनी तिला पाठिंबा दिला.

थेट बढती मिळाल्यास एखादा प्रादेशिक विजेता किती पुढे जाऊ शकतो, याचे उदाहरण म्हणून एसव्ही एल्फर्सबेर्गचा उल्लेख केला जातो. २०१६ आणि २०१७ मध्ये बढती सामन्यांत हरलेल्या या संघाने २०२२ मध्ये नैर्ऋत्य विभागाचा विजेता म्हणून थेट तिसऱ्या लीगामध्ये प्रवेश केला, पुढच्याच हंगामात ती जिंकली आणि २०२५ मध्ये बुंडेसलीगाच्या प्रवेशासाठीच्या निर्णायक सामन्यांपर्यंत मजल मारली.