सुरांचे मुद्दल शाबूत राहावे म्हणून

जयपूर म्हटले की हवामहाल, जोहरी बाजार, लाखेच्या बांगड्या आणि सांगानेरी छापाची वस्त्रे डोळ्यांसमोर येतात. मराठी रसिकाच्या मनात मात्र या शहराचे नाव आणखी एका कारणाने रुजले आहे, ते म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी. या घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांचा जन्म 1855 मध्ये जयपूर संस्थानाच्या छत्राखालील उनियारा या लहानशा ठिकाणी झाला. काका जहांगीर खाँ यांच्याकडे तालीम घेऊन घडलेला हा कलावंत पुढे कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी स्थिरावला. राजस्थानातील विद्या महाराष्ट्रात आणि गोव्यात बहरली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर ही नावे त्या बहराचीच साक्ष देतात.

या वैभवाला एक खंतीची किनार आहे. 1946 मध्ये मुंबईत निधन पावलेल्या खाँसाहेबांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. ज्या कंठातून ही गायकी उगम पावली, तो कंठ आता केवळ शिष्यांच्या गाण्यातून अनुमानाने ऐकावा लागतो. एकदा निसटलेला स्वर परत मिळत नाही, हा धडा यातून घ्यावा आणि जे सुदैवाने हाती राहिले आहे, ते जपावे. खिशात मावणारे संगीतयंत्र निवडण्याचा विषय वरकरणी चैनीचा वाटला, तरी त्याच्या मुळाशी हीच जपणूक आहे.

नोट आणि सुटे पैसे

आवाज संगणकीय रूपात साठवण्याच्या पद्धती मुख्यतः दोन. बँकेच्या ग्राहकाला त्या एका दाखल्याने सहज उमगतील. शंभर रुपयांची नोट देऊन सुटे पैसे घेतले आणि पुन्हा ते देऊन नोट घेतली, तर रूप बदलते, पण रक्कम तीच राहते. ‘लॉसलेस’ म्हणजे निर्हानी पद्धत अशी असते. फ्लॅक आणि अलॅक ही तिची प्रचलित रूपे होत. फाइल लहान होते, पण वाजवताना मूळ ध्वनीतील प्रत्येक अंक जसाच्या तसा परत मिळतो.

दुसरी पद्धत एमपी3ची. ती हिशेबातील पैसे सोडून केवळ पूर्ण रुपये लिहिण्यासारखी आहे. कानाला जे सहसा जाणवत नाही, ते वगळून फाइल अतिशय लहान केली जाते. व्यवहार चालतो, परंतु वगळलेले पैसे नंतर कोणत्याही वहीत सापडत नाहीत. एमपी3ची फ्लॅक फाइल करून घेतल्याने दर्जा सुधारतो, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. त्यामुळे वाढते ती केवळ फाइलची जाडी.

आकड्यांचा हिशेब

सीडीवर प्रत्येक सेकंदाला ध्वनीची 44,100 वेळा नोंद होते आणि प्रत्येक नोंद 16 बिटांची असते. दोन्ही वाहिन्या मिळून हा प्रवाह सेकंदाला सुमारे 1411 किलोबिट भरतो. एका तासाच्या मैफलीला साधारण 635 मेगाबाइट जागा लागते. फ्लॅकमध्ये ती बहुधा 320 ते 400 मेगाबाइटांवर येते, तर 128 किलोबिटांच्या एमपी3मध्ये 60 मेगाबाइटांहूनही कमी होते.

ही बचत कोठून होते, हे तानपुऱ्याच्या झंकारातून कळते. जवारीमुळे तारेतून असंख्य सूक्ष्म उपस्वर उमटत असतात. कमी दराच्या एमपी3मध्ये हे उपस्वर धूसर होतात आणि झंकार काहीसा पाणचट लागतो. दर 320 किलोबिट असेल, तर बहुतेक श्रोत्यांना फरक ओळखता येत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य करावयास हवे. तथापि, फाइल पुन्हा अशाच पद्धतीत रूपांतरित केली, तर प्रत्येक रूपांतरात काहीतरी गळते. ऐकण्यासाठी एमपी3 पुरेशी असली, तरी जपण्यासाठी नाही.

उलटपक्षी, 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झ अशा मोठ्या आकड्यांनीही भुलून जाऊ नये. मानवी कान साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयोमानाने ही मर्यादा खाली येते. त्या मर्यादेसाठी सीडीचा दर्जा पुरेसा आहे. ध्वनिमुद्रणातच जे नाही, ते महागडे यंत्र निर्माण करू शकत नाही. साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकडीवरून घेतलेला राग मोठ्या आकड्यांच्या फाइलमध्ये ठेवला, तरी तो तबकडीइतकाच स्पष्ट ऐकू येईल.

यंत्राची पारख

2001 मध्ये आलेल्या आयपॉडने खिशातील संगीताची व्याख्या बदलली. 2022 मध्ये त्याचे उत्पादन थांबले. आता ग्राहकापुढे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे हाती असलेल्या मोबाइललाच एक लहान बाह्य ‘डॅक’ जोडणे. अंकांचे ध्वनीत रूपांतर करणारा हा बोटभर जोड अल्प खर्चात उत्तम काम देतो. दुसरा मार्ग म्हणजे सोनी, फिओ, अ‍ॅस्टेल अँड कर्न यांसारख्या कंपन्यांचे स्वतंत्र यंत्र. त्याची किंमत काही हजारांपासून लाखाच्याही पुढे जाते. फोनची घंटा मैफलीत व्यत्यय आणू नये आणि फोनची बॅटरी प्रवासासाठी शिल्लक राहावी असे वाटत असेल, तर या मार्गाचा विचार करावा. जयपूरहून मुंबईला येणाऱ्या गाडीचा रात्रभराचा प्रवास ज्यांनी केला आहे, त्यांना मध्येच नाहीशा होणाऱ्या नेटवर्कची सवय असते. अशा वेळी यंत्रात साठवलेले संगीतच सोबत करते.

खरेदीपूर्वी पुढील बाबी पडताळून पाहाव्यात. यंत्र फ्लॅक आणि अलॅक दोन्ही वाजवते काय? एका फाइलीतून दुसरीत जाताना खंड पडत नाही ना? विलंबित ख्याल आणि द्रुत बंदिश सीडीवर बहुधा स्वतंत्र विभागांत असतात. मधला अर्ध्या सेकंदाचा खड्डाही रसभंग करतो. मेमरी कार्डाची सोय आहे काय? 128 गिगाबाइटांच्या एका कार्डावर फ्लॅक स्वरूपातील सुमारे साडेतीनशे तासांचे गायन मावते. मात्र बनावट कार्डांचा सुळसुळाट असल्याने ते पावतीसह विश्वासू दुकानातूनच घ्यावे.

इअरफोनची निवड यंत्राइतकीच, किंबहुना अधिक महत्त्वाची असते. 16 ते 32 ओहमांचे इअरफोन खिशातील यंत्रावर सहज चालतात. 300 ओहमांच्या हेडफोनला अधिक शक्ती लागते. ब्लूटूथवरून ऐकताना ध्वनी सामान्यतः पुन्हा संक्षिप्त होतो. एलडॅक पद्धतीतही कमाल प्रवाह 990 किलोबिट, म्हणजे सीडीहून कमीच असतो. लॉसलेस फाइल जपून अखेरच्या हातभर अंतरात तिची कपात करावयाची नसेल, तर तार जोडलेला इअरफोनच योग्य. एकूण रकमेचा मोठा हिस्सा इअरफोनवर आणि उरलेला यंत्रावर खर्चिणे बहुधा शहाणपणाचे ठरते.

जयपूरच्या हवामानाचाही विचार करावा. मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. बंद मोटारीत राहिलेल्या यंत्राची लिथियम बॅटरी अशा उष्णतेत लवकर क्षीण होते. बॅटरी बदलून मिळण्याची सोय आणि जवळचे सेवाकेंद्र यांची चौकशी आधीच करून ठेवावी.

कपाटातील कॅसेट

अनेक मराठी घरांत आजही एखादी कॅसेट असते. तिच्यावर आजोबांनी घरगुती बैठकीत म्हटलेला अभंग असतो किंवा आईचा रियाज. उष्णतेने व ओलाव्याने चुंबकीय फीत हळूहळू खराब होत जाते. तिचे रूपांतर 24 बिट फ्लॅकमध्ये करून घ्यावे, कारण मुद्रणाची पातळी ठरवताना जादा बिटांची मोकळीक उपयोगी पडते. दुकानदाराने केवळ एमपी3 फाइल हाती दिली आणि मूळ फीत टाकून दिली गेली, तर नुकसान कायमचे होते. म्हणून काम सोपवतानाच फ्लॅक प्रतीची मागणी करावी आणि मूळ कॅसेट परत घ्यावी.

फ्लॅक फाइलमध्ये मूळ ध्वनीचा एक तपासणी-अंक नोंदलेला असतो. संगणकावर तो पडताळला की प्रत अभंग आहे की नाही हे कळते. रोजच्या जमाखर्चाचा ताळा जुळवावा, तसाच हा प्रकार! प्रती किमान दोन असाव्यात, त्याही वेगवेगळ्या ठिकाणी.

ऐकताना कानांचेही मुद्दल सांभाळावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी 80 डेसिबल पातळीचा ध्वनी आठवड्याला 40 तासांपर्यंत सुरक्षित आहे. आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने घटते.

केसरबाईंच्या मोजक्या ध्वनिमुद्रिकांपैकी भैरवीतील एक रचना 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत समाविष्ट झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केसरबाई निवर्तल्या. खाँसाहेबांचा स्वर पृथ्वीवर कोठेही साठवलेला नाही. त्यांच्या शिष्येचा स्वर मात्र सौरवाऱ्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडून गेला. एका वेळच्या जतनाने एवढे अंतर पडते. घरच्या कपाटातील कॅसेटला अंतराळात जावयाचे नाही. तिला केवळ पुढच्या पिढीच्या कानांपर्यंत पोहोचावयाचे आहे आणि तेही एक स्वरही न गमावता.