गावाच्या नावाचे स्पेलिंग

'रिसीव्ह' लिहिताना ई आणि आय यांची अदलाबदल झाली, तर विद्यार्थ्याचा गुण जातो, आणि तो जावाही. पण त्याच विद्यार्थ्याने स्वतःच्या गावाचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिले, तर त्याला हटकणारा शिक्षक विरळाच. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड ही दोन नावे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत.

३१ डिसेंबर १८१७ रोजी कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरच्या छावणीतून निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला लढली. कंपनी सरकारच्या त्या काळच्या लिखाणात या गावाचे 'सेरूर' झालेले दिसते, तेही दोन ओ घालून. साहेबाच्या कानाला जे ऐकू आले, ते त्याने आपल्या सवयीने लिहिले. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये एस-आय-आर-यू-आर हे सुटसुटीत रूप आले. तरी 'श'चा 'स' झाला तो झालाच, एच काही मिळाला नाही.

दौंडला मात्र नको असलेला एच चिकटला. १८७८ साली मनमाडचा लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा या जंक्शनचे स्पेलिंग डी-एच-ओ-एन-डी असे होते. ते वाचून कोणी गावाला 'धोंड' म्हटले, तर दोष कोणाला द्यावा? आज डी-ए-यू-एन-डी हे रूप रूढ आहे. (रेल्वेचा 'डीडी' हा संकेत दोन्ही स्पेलिंगांना चालतो, हा योगायोग मौजेचा.) पण नवे रूपही बिनचूक नव्हे. 'ऑगस्ट'मधील ए-यू शिकलेला मुलगा त्याचा उच्चार 'डॉन्ड' करील. शिवाय रोमन लिपीत 'द' आणि 'ड' यांना एकच अक्षर. म्हणजे येथे उच्चाराचा आधार अपुरा पडतो, आणि रूढ झालेले एकच रूप सर्वत्र लिहिणे एवढाच शुद्धतेचा अर्थ उरतो.

हे भाषापंडिताचे खूळ नव्हे. दाखल्यावर जन्मस्थळ एका रूपात आणि पारपत्राच्या अर्जात दुसऱ्या रूपात पडले, तर हेलपाटे विद्यार्थ्याच्या बापाला घालावे लागतात. लेखनिकाने शासनाच्या प्रचलित नोंदीतील स्पेलिंग पाहूनच लेखणी उचलावी.

जुनी रूपे मात्र अभ्यासकाने लक्षात ठेवावीत. त्या गॅझेटियरमध्ये दौंड गाव एच घातलेल्या स्पेलिंगखालीच शोधावे लागते, आणि तालुका तर 'भीमथडी' या नावाखाली.