धम्मयात्रेच्या वाटेवरचा धूर

दिवाळी सरली की आपल्या वस्त्यांतून धम्मयात्रेची जुळवाजुळव सुरू होते. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती, लुंबिनी. कुणी भिशीचे पैसे त्यासाठी राखून ठेवतं, कुणी वर्षभर थोडे थोडे बाजूला टाकतं. जाणाऱ्यांत आजी-आजोबांची संख्या मोठी असते. यात्रेहून कुणी खोकला घेऊन परतलं की घरात एकच वाक्य ऐकू येतं, 'तिकडची थंडी बाधली.'

थंडी तर असतेच. पण नोव्हेंबर ते जानेवारी या महिन्यांत तिकडच्या हवेत थंडीबरोबर धूरही असतो. सकाळी जे पांढुरकं दिसतं ते सगळंच धुकं नसतं. म्हणून यंदा निघण्यापूर्वी या धुराबद्दल थोडं समजून घेऊ.

ही सारी ठिकाणं गंगेच्या मैदानात किंवा त्याच्या कडेला आहेत. पंजाबपासून बंगालपर्यंत पसरलेल्या या सपाट पट्ट्यात देशातल्या दर दहा माणसांपैकी सुमारे चार माणसं राहतात. उत्तरेला हिमालयाची भिंत, दक्षिणेला पठारं आणि डोंगर. त्यामुळे हा सगळा प्रदेश परातीसारखा झाला आहे. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वर उबदार हवेचा थर बसतो आणि वाराही पडतो. भांड्यावर झाकण ठेवावं तसं होतं. खाली जे जळतं, त्याचा धूर खालीच कोंडतो.

या धुरातले सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना पीएम २.५ म्हणतात. आपल्या केसाच्या जाडीच्या जवळजवळ तिसाव्या भागाएवढे ते बारीक असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि त्यांतले काही रक्तातही उतरतात. म्हणून दूषित हवेने फक्त खोकला आणि दमा होतो असं नाही. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, लहान मुलांचा न्यूमोनिया, कमी वजनाचं बाळ जन्मणं, या सगळ्यांशी तिचा संबंध सिद्ध झाला आहे.

हे सारं कायमच असं होतं का? नाही. डिसेंबर १९९९ मध्ये अवकाशात गेलेला 'टेरा' हा उपग्रह हवेतले कण सूर्यप्रकाश किती अडवतात ते मोजत आला आहे. कानपूरच्या आयआयटीतही २००१ पासून जमिनीवरून अशीच मोजणी होते. पाव शतकाच्या या नोंदी सांगतात की गंगेच्या मैदानावरचा हिवाळी धूर वाढत गेला. उलट उन्हाळ्यात वाळवंटाकडून येणारी धूळ काहीशी कमी झाली. म्हणजे निसर्गाची धूळ घटली आणि माणसाने केलेला धूर वाढला. दगडी कोळशावर चालणारी वीजकेंद्रं, वीटभट्ट्या, गाड्या, कारखाने, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पंजाब-हरियाणात जाळली जाणारी भाताची खुंटं, उघड्यावर जळणारा कचरा आणि घराघरातल्या चुली, असे सगळ्यांचे वाटे त्यात आहेत.

आणखी एक हिशेब आपल्या घरांशी जोडलेला आहे. १९९० ते २०१९ या काळात भारतात घरातल्या धुराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण सुमारे ६४ टक्क्यांनी घटलं. गॅस घरोघर पोचला, त्याचा हा फायदा. पण याच काळात बाहेरच्या हवेतल्या बारीक कणांमुळे होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण दुपटीहून अधिक झालं. २०१९ या एका वर्षात दूषित हवेने देशात अंदाजे १६ लाख ७० हजार माणसं गेली. आपल्या आयाबहिणींनी चुलीपुढचा धूर मागे टाकला आणि दाराबाहेरचा धूर पुढ्यात आला.

हा धूर कमी होऊ शकतो का? होऊ शकतो, आणि तो झालेलाही दिसला आहे. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या आणि कारखाने थांबले, तेव्हा काही दिवसांतच उत्तर भारतावरची हवा गेल्या वीस वर्षांत त्या दिवसांत नव्हती इतकी स्वच्छ झाली. सगळं बंद ठेवणं हा काही उपाय नव्हे. त्या टाळेबंदीची किंमत हातावर पोट असणाऱ्यांनीच मोजली. पण चीनने २०१३ पासून कोळसा आणि कारखान्यांच्या धुरावर कडक बंधनं आणली आणि दहा वर्षांच्या आत तिथले बारीक कण चाळीस टक्क्यांच्या आसपास घटले. आपल्याकडे वीजकेंद्रांच्या धुरातला गंधक रोखण्याचे नियम २०१५ मध्ये झाले, मुदती मात्र पुन्हा पुन्हा पुढे गेल्या. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वर्षाची सरासरी एका घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. आपली सरकारी मर्यादा ४० आहे, आणि मैदानातली कित्येक शहरं तीही पाळू शकत नाहीत.

आता यात्रेचं बघू. दमा, हृदयविकार किंवा जुना खोकला असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारी टाळून फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये जावं. दम्याचा पंप आणि रोजच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्याव्यात आणि हाताशी असलेल्या पिशवीत ठेवाव्यात, गाडीच्या टपावरच्या सामानात नकोत. पहाटे आणि रात्री हवा सर्वांत वाईट असते. दर्शनाला आणि फिरायला ऊन वर आल्यावर निघावं. रुमाल किंवा पदर हे कण अडवत नाही. नाकाला नीट बसणारा एन-९५ मास्क अडवतो. 'समीर' या सरकारी अॅपवर शहराच्या हवेचा आकडा दिसतो. तो २०० च्या वर असेल तर वृद्ध, गरोदर बाया आणि लहान मुलांनी बाहेर कमी वेळ राहावं. बोलताना धाप लागली, ओठ निळे पडले किंवा छातीत दुखलं तर मुक्कामाला पोचायची वाट न बघता जवळच्या दवाखान्यात न्यावं.

आणि एक गोष्ट अजिबात विसरू नका. गारठा लागतो म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. झोपेतच माणूस जातो.

हे कण फक्त तिकडेच आहेत असंही नाही. मुंबई, नागपूर, चंद्रपूर इथलाही हिवाळा धुरकट झाला आहे. घरात गॅस आला तरी सिलिंडर महाग म्हणून अंघोळीचा बंब लाकडावर पेटतो आणि तो पेटवायला प्लास्टिकची पिशवी किंवा थर्माकोल टाकलं जातं. निदान ते तरी थांबवू. बंद खोलीत रात्रभर डासांची कॉइल जाळण्यापेक्षा मच्छरदाणी लावू. विहारात किंवा घरात अगरबत्ती लावली तर खिडकी उघडी ठेवू.

उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये बंदी घातली आहे, दंडही ठेवला आहे. पण वस्तीत घंटागाडीच येत नसेल तर कचऱ्याचं करायचं काय, हा प्रश्न नगरसेवकाला आणि वॉर्ड ऑफिसला विचारायला हवा. तोंडी विचारू नका. महिला मंडळाच्या सह्या घेऊन लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या आणि पंधरा दिवसांनी तो क्रमांक दाखवून उत्तर मागा. घंटागाडी रोज यायला लागली तर वस्तीतला एक धूर तरी याच हिवाळ्यात थांबेल.