मास्कचा उपयोग नेमका कुणाला?

मोहन्यातून आंबिवली स्टेशन गाठायचे आणि कसाऱ्याकडून भरून आलेल्या लोकलमध्ये शिरायचे, हा आमच्यापैकी अनेकांचा रोजचा क्रम. डब्यात कुणी सलग खोकले की 2020 आठवते. तेव्हा सक्तीने बांधलेला मास्क एप्रिल 2022 मध्ये राज्यात ऐच्छिक झाला आणि घरोघरी कपाटात गेला. पण प्रश्न उरलाच आहे: त्याचा खरेच उपयोग झाला का?

याचे एक चांगले उत्तर शेजारच्या बांगलादेशातून मिळते. तेथे 2020-21 मध्ये 600 गावांतील तीन लाखांहून अधिक प्रौढांवर अभ्यास झाला. निम्म्या गावांत मास्क मोफत वाटले, बाजारात आठवण करून दिली, मशिदीत इमामसाहेबांनीही समजावले. मास्क वापरणारे शेकडा 13 वरून 42 वर गेले. रक्ततपासणीने सिद्ध झालेला, लक्षणे असलेला कोविड त्या गावांत सुमारे 9 टक्क्यांनी कमी आढळला. जिथे सर्जिकल मास्क दिले, तिथे साठीपुढच्यांत ही घट सुमारे 35 टक्के होती. कापडी मास्कचा लाभ मात्र तितका स्पष्ट दिसला नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. डेन्मार्कमधील 2020 च्या प्रयोगात मास्क लावणाऱ्यांपैकी 1.8 टक्के आणि न लावणाऱ्यांपैकी 2.1 टक्के लोकांना लागण झाली. हा फरक इतका लहान की त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही. मात्र तेथे फक्त लावणाऱ्याचा बचाव मोजला होता. त्याच्यामुळे इतरांचा किती झाला, हे मोजले नव्हते.

म्हणजे मास्क ही पोलादी भिंत नव्हे, तशी ती निव्वळ फसवणूकही नव्हे. विषाणू श्वासातल्या थेंबांतून आणि सूक्ष्म कणांतून पसरतो. बंद खोलीत हे कण बराच वेळ हवेत तरंगतात. सर्जिकल मास्क त्यांतले बरेच अडवतो, नीट बसलेला एन-95 त्याहून अधिक. नाकाखाली उतरलेला मास्क मात्र नावापुरताच.

आमच्याकडे दोन खोल्यांत तीन पिढ्या राहतात. वेगळी खोली कुठून आणायची? म्हणून सर्दी-खोकला झालेल्याने आधी स्वतः मास्क लावावा, खिडकी उघडी ठेवावी आणि दादीच्या उशाशी बसणे चार दिवस टाळावे. दवाखान्यात, गर्दीच्या डब्यात वयस्करांनी तो जरूर लावावा. दोन वर्षांखालील मुलांना मात्र लावू नये.

शिंकताना पैगंबर (स.) तोंडावर हात किंवा कपडा धरत, असे हदीसमध्ये येते. आपल्या श्वासाचा त्रास दुसऱ्याला होऊ नये, ही काळजी आमच्या घरांना नवी नाही. कपाटातला मास्क त्याच काळजीसाठी हाताशी ठेवू या.