जॉर्ज विटेट : गेटवे, गुजरात आणि नाशिकचा एक वाडा

गेटवे ऑफ इंडियासमोर काढलेला एखादा फोटो ज्यांच्या घरी नाही, असे कुटुंब आपल्या मंडळात शोधूनच काढावे लागेल. सुट्टीत मुंबई, मुंबईत गेटवे, गेटवेवरून बोट, हा क्रम सचिनमधल्या दोन पिढ्यांना पाठ आहे. फोटोत मागे दिसणारी ती पिवळसर कमान कोणी आखली, हे मात्र मुलांनी विचारले की मोठ्यांचे उत्तर "इंग्रजांनी" इथेच थांबते. उत्तर अगदी चूक नाही, पण अपुरे आहे. कमान आखणारा माणूस स्कॉटलंडचा होता. त्याने ती ज्या धाटणीवर आखली, ती आपण आज राहतो त्या गुजरातची आहे. आणि त्याच माणसाच्या दुसऱ्या एका इमारतीत नाशिकच्या एका जुन्या वाड्याचे लाकूड अजून उभे आहे. म्हणून हा लेख.

जॉर्ज विटेट यांचा जन्म १८७८ साली स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या ब्लेअर अॅथॉल या लहानशा गावी झाला. त्या काळात वास्तुविशारद होण्यासाठी कॉलेजात जाण्यापेक्षा एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली उमेदवारी करण्याची पद्धत अधिक रूढ होती. विटेट यांनी पर्थ गावी अशी उमेदवारी केली, मग एडिनबरा आणि यॉर्क येथे काम केले आणि १९०४ मध्ये, वयाच्या पंचविशीत, ते मुंबईला आले. इथे जॉन बेग हे मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद होते. तेही स्कॉटलंडचेच. विटेट त्यांचे मदतनीस झाले आणि पुढे बेग भारत सरकारच्या कामावर गेल्यावर मुंबईची ती जागा विटेट यांच्याकडे आली. मुंबई इलाखा तेव्हा केवढा मोठा! कराचीपासून धारवाडपर्यंत, आणि मध्ये आपले सुरत. कराचीच्या पोर्ट ट्रस्टची घुमटाची इमारतही विटेट यांचीच आहे.

ते आले तेव्हाची मुंबई डोळ्यांसमोर आणायला हवी. व्हिक्टोरिया टर्मिनस, हायकोर्ट, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर अशा मोठ्या इमारती उभ्या राहून वर्षे झाली होती, आणि त्या बहुतेक गॉथिक धाटणीच्या होत्या. म्हणजे टोकदार कमानी, उंच मनोरे, युरोपातल्या चर्चची आठवण करून देणारे सगळे. बेग आणि विटेट यांच्या काळात सरकारी इमारतींचा तोंडवळा बदलला. बेग यांनी मुंबईचे जनरल पोस्ट ऑफिस बांधले, ते विजापूरच्या गोल घुमटावर नजर ठेवून. इंग्रजी आराखडा आणि हिंदुस्थानी घुमट, छज्जे, जाळ्या यांच्या या मिश्रणाला इंडो-सारासेनिक शैली म्हणतात. नाव अवघड आहे, पण पोस्टासमोर उभे राहिले की अर्थ लगेच कळतो.

विटेट यांच्या हाती पहिले मोठे काम आले ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे. पायाभरणी १९०५ मध्ये झाली होती. आराखडा १९०९ मध्ये खुल्या स्पर्धेतून निवडला गेला, तो विटेट यांचा होता. बांधकाम १९१४ मध्ये पूर्ण झाले, पण तेवढ्यात पहिले महायुद्ध आले आणि नवीकोरी इमारत लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली. संग्रहालय म्हणून तिचे उद्घाटन व्हायला १० जानेवारी १९२२ उजाडला.

या इमारतीजवळ आम्ही जरा थांबणार आहोत, कारण आमच्या मते विटेट यांचे सर्वांत चांगले काम हे आहे, गेटवे नव्हे. बाहेरचा दगड कुर्ल्याचा करडा आणि मालाडचा पिवळसर, म्हणजे सगळा मुंबईच्या आसपासचाच. वरचा मोठा घुमट गोल घुमटाच्या वळणाचा. आता चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा म्हणजे काय अडचण असते, हे मुलांना कागदावर काढून दाखवता येईल. चौकोनात वर्तुळ काढा, चारही कोपरे रिकामे राहतात. घुमटाचे वजन तिथे पेलायचे कशावर? विजापूरच्या कारागिरांनी त्यावर फार देखणी तोड काढली होती. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी उभारून त्यांनी चौकोनाचा अष्टकोन केला, अष्टकोनाचे जवळजवळ वर्तुळ केले आणि त्यावर १६५६ च्या सुमारास जगातल्या मोठ्या घुमटांपैकी एक बसवला. विटेट यांनी ही छेदणाऱ्या कमानींची युक्ती संग्रहालयात आणली. मधल्या दालनात उभे राहून मान वर केली की ती दिसते.

आणि मान वर करण्याआधी समोर पाहिले, तर लाकूड दिसते. सागवानी खांब, कमानी, कठडे, सज्जा. हे म्युझियमसाठी नव्याने कोरलेले नाही. नाशिकच्या एका वाड्यातली ही लाकडी कमानदार चौकट विकत घेऊन इथे बसवली आहे. अठराव्या शतकातला मराठी वाडा, वर आदिलशाही वळणाचा घुमट, बाहेर गुजरातच्या धाटणीचे सज्जे आणि हे सगळे जुळवणारा माणूस स्कॉटलंडचा. कागदावर वाचताना खिचडी वाटते, पण प्रत्यक्षात जागा शांत आहे आणि काहीही उपरे वाटत नाही.

आता गेटवे. २ डिसेंबर १९११ रोजी राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले. त्यांच्यासाठी तेव्हा तात्पुरता मंडप उभारला होता. पुष्कळांचा समज असतो की राजा या कमानीतून आला, पण त्यावेळी तिथे दगडाची कमान नव्हतीच. पायाभरणी ३१ मार्च १९१३ रोजी झाली, विटेट यांच्या अंतिम आराखड्याला १९१४ मध्ये मंजुरी मिळाली, मग समुद्र हटवून भर घालण्यात आणि पाया भरण्यात १९२० साल आले. उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते झाले. खर्च सुमारे २१ लाख रुपये. उंची २६ मीटर, मधल्या घुमटाचा व्यास १५ मीटर. दगड खरोडीचा, जाळ्या ग्वाल्हेरच्या. जागेवर देखरेख करणारे अभियंता होते रावबहादूर यशवंतराव हरिश्चंद्र देसाई. हे मराठी नाव मुलांना जरूर सांगावे, कारण विटेट यांच्या मानाने ते फार कमी ठिकाणी घेतले जाते.

पैसे मात्र शेवटी कमी पडले. गेटवेकडे येणारा सरळ, रुंद रस्ता व्हायचा होता, तो झालाच नाही. म्हणून आजही रस्त्याने येताना कमान नीट समोर दिसत नाही, थोडी तिरकी दिसते. फोटो काढताना तुम्ही चार पावले बाजूला सरकता, त्याचे कारण हे शंभर वर्षांपूर्वीचे अपुरे अंदाजपत्रक.

कमानीची धाटणी सोळाव्या शतकातल्या गुजरातची. अहमदाबादची सुलतानी म्हणतात ती. जुन्या अहमदाबादेत तीन दरवाजा पाहिलेल्या माणसाला गेटवेच्या मधल्या मोठ्या आणि बाजूच्या लहान कमानींची मांडणी ओळखीची वाटेल. दगडी जाळ्याही त्याच घराण्यातल्या. विटेट मुंबईत काम करत होते त्याच सुमारास अहमदाबादच्या या इमारतींची तपशीलवार चित्रे आणि मोजमापे पुस्तकरूपाने उपलब्ध झाली होती. ती जेम्स बर्जेस यांनी १९०० आणि १९०५ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. हे बर्जेसही स्कॉटलंडचेच, हा योगायोग गमतीचा आहे.

जाळीवरून सचिनचा एक धागा निघतो. अहमदाबादची सर्वांत प्रसिद्ध जाळी सिदी सय्यद मशिदीची, १५७२-७३ च्या सुमाराची. नावावरूनच कळते की ती बांधणारा सिद्दी, म्हणजे आफ्रिकी मूळ असलेला. आपल्या सचिनचे नवाब घराणेही सिद्दीच, पण ते जंजिऱ्याचे. १७९१ मध्ये पेशव्यांशी झालेल्या करारातून त्यांना जंजिऱ्याच्या बदल्यात हा मुलूख मिळाला आणि सचिन संस्थान तयार झाले, ते १९४८ पर्यंत राहिले. दोन्ही घराणी एक नव्हेत, काळही वेगळा. पण कोकणच्या किनाऱ्यावरून येऊन सचिनमध्ये स्थायिक होणारे आपण काही पहिले नाही, एवढे यावरून लक्षात येते. त्यांच्या आगेमागे खानदेशातून तापीच्या काठाकाठाने येणारे आपण मागून आलो.

सोळाव्या शतकातला गुजरात पाहायला अहमदाबादपर्यंत जायलाही नको. सुरतेचा चौकबाजारजवळचा किल्ला सुलतान महमूद तिसरा याच्या काळात, १५४० नंतर पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना तोंड देण्यासाठी बांधला गेला. महापालिकेने तो दुरुस्त करून आत संग्रहालय केले आहे. सचिनहून तासाभराचे अंतर. मुंबईला जाण्यापूर्वी मुलांना तो दाखवला, तर गेटवे पाहताना त्यांना काहीतरी जोडता येईल.

विटेट यांचे आणखी एक रूप आहे आणि ते या सगळ्याच्या उलट दिसते. बॅलार्ड इस्टेट ही बंदराच्या भरावावर वसवलेली कचेऱ्यांची पेठ. तिथल्या इमारतींची ठेवण त्यांनी लंडनसारखी राखली. एकसारखी उंची, भारदस्त दगडी दर्शनी भाग, जाळी नाही, छज्जा नाही. यातून आम्हाला वाटते ते असे : राजाच्या स्वागताला आणि संग्रहालयाला हिंदुस्थानी पोशाख, आणि व्यापाराला कोट-पॅन्ट, अशी सरकारचीच वाटणी होती. परकी सत्ता आपल्याच लोकांना आपलीशी वाटावी, हा हेतू घुमट आणि जाळ्यांमागे नव्हता असे कोण म्हणेल? गेटवे हे राजनिष्ठेचे स्मारक म्हणूनच बांधले गेले. पण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांच्या फौजेची शेवटची तुकडी त्याच कमानीतून बाहेर पडली आणि २६ जानेवारी १९६१ रोजी समोर शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. दगडाला ज्याने बांधले त्याच्याच बाजूने राहण्याचे बंधन नसते.

१९१७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वास्तुकला शिकलेल्या तरुणांनी आपली संघटना काढली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष विटेट झाले. हीच संघटना पुढे १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या नावाने देशभराची झाली. आपल्यातली जी मुले आज वास्तुकलेचे शिक्षण घेत आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. महायुद्धानंतर विटेट सरकारी नोकरी सोडून टाटांकडे गेले. टाटांचे मुख्य कार्यालय बॉम्बे हाउस, १९२४ मध्ये पूर्ण झालेले, त्यांनीच आखले.

आणि केईएम. खरे तर आपल्यातल्या पुष्कळांना विटेट भेटले ते गेटवेवर नव्हे, परळला. घरातल्या कोणाचे दुखणे इथे आटोक्यात येईना, की रात्रीची गाडी धरून केईएमला जायचे, हे सचिन-उधना पट्ट्यातल्या मराठी घरांना ठाऊक आहे. केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेले शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२६ मध्ये सुरू झाले, कॉलेजात शिकवणारे हिंदीच असावेत या देणगीदारांच्या अटीसह. जवळच असलेले नौरोजी वाडिया प्रसूतिगृहही विटेट यांचेच. लांबलचक व्हरांडे, उंच छत, वारा खेळता राहील अशा खिडक्या. तासन्‌तास रांगेत बसलेल्या नातेवाइकांना त्या व्हरांड्याचे मोल सांगायला नको.

त्याच १९२६ च्या सप्टेंबरमध्ये विटेट यांना आमांशाचा जोरदार विकार झाला आणि ते मुंबईतच वारले. वय अवघे ४७. ज्याने शहराला एवढे मोठे रुग्णालय दिले, त्याला आज चार दिवसांच्या औषधात बरा होणारा आजार घेऊन गेला. स्कॉटलंडला परत जाणे झालेच नाही. शिवडीच्या ख्रिश्चन दफनभूमीत त्यांना पुरले.

नाशिकच्या त्या वाड्याकडे पुन्हा वळतो. तो वाडा उभा राहिला नाही, पण त्याचे लाकूड राहिले, कारण ते कोणीतरी मोल देऊन उचलले आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी बसवले. आपल्यापैकी अनेकांची गावची घरे धुळे, जळगाव, नंदुरबारकडे आहेत. त्यातली काही जुनी, सागवानी खांबांची, धाब्याची. वाटण्या होतात, घर उतरवले जाते आणि खांब किलोच्या भावाने जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात. घर ठेवणे प्रत्येकाला परवडणारे नाही, हे आम्ही जाणतो. निदान उतरवण्यापूर्वी प्रत्येक खांबाचा, दाराच्या चौकटीचा आणि कोनाड्याचा फोटो काढा, चौकाची लांबी-रुंदी फुटपट्टीने मोजून कागदावर लिहा, घर साधारण कोणत्या पिढीत बांधले ते वडीलधाऱ्यांना विचारून त्याखाली नोंदवा. अशी नोंद मंडळाकडे पाठवल्यास आम्ही ती गावाच्या नावाने जपून ठेवू. नक्षीचा एखादा खांब विकण्याऐवजी द्यायची कोणाची इच्छा असेल, तर आधी मंडळाच्या कार्यकारिणीशी बोलावे. तो ठेवायला जागा कुठे करता येईल, ते बसून ठरवू.