गोदाम मोठे, टेबल लहान



ठिबकवरची मिरची पाहायला आम्ही मध्यंतरी डहाणू तालुक्यातील वाणगावला गेलो होतो. तिथल्या एका कार्यालयात अर्ज भरायला शेतकऱ्यांची रांग लागलेली. मुदतीचा शेवटचा दिवस, आणि एकेक पान उघडायला दोन-तीन मिनिटे. आतून एकच उत्तर, "लाईन स्लो आहे काका, उद्या या." मुदत संपल्यावर उद्या येऊन काय करायचे?

संगणक सांभाळणारा मुलगा मात्र जिज्ञासू होता. त्याच्याजवळ बसून आम्ही दोष शोधला. त्या कार्यालयातले सगळे संगणक 'प्रॉक्सी' नावाच्या एका मशीनमधून बाहेर जात होते. हे मशीन म्हणजे आपल्या गट ऑफिसचे खताचे गोदाम समजा. एकदा आणलेले पान ते जवळ साठवते, म्हणजे दुसऱ्याने मागितले की पुन्हा लांब जायला नको. त्यावर स्क्विड ही मोफत प्रणाली चालते.

पहिली परीक्षा सोपी. एक संगणक प्रॉक्सी टाळून थेट लाईनला जोडला. तेच पान लगेच उघडले! म्हणजे लाईन निर्दोष. मग नावावरून पत्ता शोधण्याची व्यवस्था, म्हणजे डीएनएस, तपासली. तीही ठीक. पण प्रॉक्सीच्या डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत होता.

तिथेच गोम होती. वेग वाढेल या आशेने कोणीतरी साठा २०० जीबी केला होता, मेमरी मात्र जुनीच, २ जीबी. स्क्विडला दर १ जीबी साठ्याच्या सूचीसाठी सुमारे १४ एमबी मेमरी लागते. २०० जीबीला झाले जवळपास २.८ जीबी! गोदाम वाढवले, पण कारकुनाच्या टेबलावर नोंदवही मावेना. निम्मी वही मागच्या खोलीत, आणि प्रत्येक नोंदीला त्याचा हेलपाटा. शिवाय आजची बहुतेक पाने कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएसची. ती साध्या मांडणीत साठवताच येत नाहीत. मग एवढे गोदाम कशाला?

साठा २० जीबीवर आणला. सूचीला २८० एमबी पुरली, दिवा शांत झाला आणि संध्याकाळच्या आत रांग संपली.

ऊस उत्पादकाला संगणक नवा नाही. वारणेला १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' योजनेत गावोगावी संगणक केंद्रे झाली. आज आपली ऊसनोंद, वजन, बिल सगळे संगणकावरच आहे. तेव्हा "लाईन स्लो आहे" ऐकून माघारी फिरू नका. "प्रॉक्सी टाळून पाहिले का? मेमरी पुरते का?" एवढे दोन प्रश्न जरूर विचारा. पाणी कमी पडले की आपण आधी फिल्टर पाहतो, लगेच दुसरी विहीर खोदत नाही. इथेही तेच.